फातिमा हस्सूना: तिचं वाक्य सगळ्यांनी वाचलं, आता फोटोही बघूया

गारवा | १९ एप्रिल २०२५

फातिमा हस्सूनाचं एक वाक्य सध्या सगळीकडे फिरतंय. मरण आलंच तर ते जगाला ऐकू जाईल असं यावं, मला नुसती ब्रेकिंग न्यूज व्हायचं नाही की आकड्यातला एक आकडा, अशा अर्थाचं तिने लिहून ठेवलं होतं. १६ एप्रिलच्या पहाटे गाझा शहरातल्या तुफ्फाह भागात तिच्या घरावर इस्रायलचा हवाई हल्ला झाला आणि ती गेली. वय २५. तिच्यासोबत भावंडं गेली, गरोदर बहीण गेली. घरातली दहाएक माणसं एका फटक्यात. आई वाचली. फातिमाचं लग्न तोंडावर आलं होतं.

ती फोटोग्राफर होती. गाझातच मल्टिमीडियाचं शिक्षण घेतलेली. युद्ध सुरू झाल्यापासून दीड वर्ष कॅमेरा घेऊन शहरभर हिंडत होती. त्याच काळात स्वतःचं घर पडलं, नातेवाईक गेले, तरी हिंडणं थांबलं नाही. इराणमध्ये जन्मलेल्या आणि फ्रान्समध्ये राहणाऱ्या दिग्दर्शिका सेपिदे फार्सी यांना गाझात जाऊन माहितीपट करायचा होता, पण आत सोडतंय कोण? शेवटी ओळखीतून फातिमाचा नंबर मिळाला आणि जवळजवळ वर्षभराच्या व्हिडिओ कॉलमधून एक माहितीपट उभा राहिला. १५ एप्रिलला जाहीर झालं की कान महोत्सवाच्या काळात भरणाऱ्या 'आसिद' या विभागात तो दाखवला जाणार. फार्सींनी तिला फोन करून ही बातमी दिली, तू पण ये म्हणाल्या. येईन, पण परत गाझात जाता येणार असेल तर, असं तिचं म्हणणं. पासपोर्टबद्दलही बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळं संपलं.

आता मुद्द्याचं. तिचं ते वाक्य फुलांच्या, मेणबत्त्यांच्या चित्रांवर छापून गटागटांतून फिरतंय. मला ते खटकतंय. जिने आयुष्य फोटो काढण्यात घालवलं, तिची आठवण म्हणून तिचा एकही फोटो आपण पुढे पाठवत नाही, पाठवतो फक्त तिच्या मरणाबद्दलचं वाक्य. म्हणून हा धागा. तिच्या कामाबद्दल बोलूया. राजकारण येणारच, येऊ दे, पण फक्त तेच नको.

रावपाटील | १९ एप्रिल

लेख आवडला असं म्हणवत नाही. बातमी वाचली होती, लग्नाचं माहीत नव्हतं.

चार्वाक_२ | १९ एप्रिल

वाईट वाटलं हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी अंगावर येणार नाही. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने सुमारे १२०० माणसं मारली, २५१ जणांना पळवून नेलं. नोव्हा संगीत महोत्सवाला गेलेली पोरंही विशी-पंचविशीचीच होती. त्यातल्या एकीवर तरी इथे धागा निघाला का? आणि इस्रायली लष्कर म्हणतंय की त्या इमारतीत हमासचा माणूस होता, लक्ष्य तो होता. ही बाजू लेखात का नाही?

गारवा | १९ एप्रिल

चार्वाक, लष्कराचं म्हणणं तुम्ही लिहिलंत, बरं झालं. तेही या धाग्यात असू दे. त्या माणसाचं नाव त्यांनी जाहीर केल्याचं माझ्या वाचनात नाही. आणि नोव्हाच्या पोरांवर धागा निघायला हवाच. तुम्ही काढा, मी येईन. एकीबद्दल लिहायचं तर आधी दुसरीचा हिशोब चुकता करा, हे मात्र मला मान्य नाही.

वकिली_डोकं | २० एप्रिल

थोडं कायद्याचं, कारण 'हमासचा माणूस होता' म्हटलं की विषय संपला असं बऱ्याच जणांना वाटतं. युद्धाच्या कायद्यात दोन पायऱ्या आहेत. पहिली, लक्ष्य लष्करी आहे का. दुसरी, त्यावर हल्ला केल्यास नागरिकांची जी हानी होईल असं दिसतंय ती लष्करी फायद्याच्या मानाने अवाजवी तर नाही ना. जिनिव्हा करारांना १९७७ साली जोडलेल्या पहिल्या पूरक करारात, कलम ५१ मध्ये हे आहे. इस्रायलने त्यावर सही केलेली नाही, पण हा नियम रूढीने सगळ्यांवर बंधनकारक मानला जातो. म्हणजे लष्कराचा दावा शंभर टक्के खरा धरला तरी दुसरा प्रश्न उरतो. एका माणसासाठी झोपलेलं अख्खं कुटुंब?

हमासने ओलीस धरणं आणि नागरिकांना ठार मारणं हाही त्याच कायद्याने गुन्हा आहे. एकाच्या गुन्ह्याने दुसऱ्याची जबाबदारी संपत नाही, उलटही नाही.

अण्णा_खानापूर | २० एप्रिल

मेलेल्यांचे आकडे देणारं आरोग्य मंत्रालय हमासचं. किती विश्वास ठेवायचा?

वकिली_डोकं | २० एप्रिल

अण्णा, गेल्या आठवड्यात तो आकडा ५१,००० च्या वर गेला. लढणारे आणि नागरिक असा फरक त्यात नसतो, ही त्याची मर्यादा. पण त्या मंत्रालयाने नाव, वय, ओळखपत्र क्रमांक अशा याद्याच प्रसिद्ध केल्या आहेत. आधीच्या युद्धांत त्यांचे आकडे संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीच्या जवळपासच निघाले होते. फातिमाच्या बाबतीत तर हा प्रश्नच नाही, तिचं मरण कुणी नाकारलेलं नाही.

कॅमेरावाला | २० एप्रिल

गारवाताई, तुमच्या मुद्द्याला धरून लिहितो. मी लग्नाचे फोटो काढतो, युद्धाचे नाही, पण धंदा तोच.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. ऑक्टोबर २०२३ पासून परदेशी पत्रकारांना गाझात स्वतंत्रपणे जाता येत नाही. गेले तर इस्रायली लष्कराच्या गाडीतून, ते दाखवतील तेवढं बघायला. म्हणजे दीड वर्षात आपण गाझाचे आतले जे फोटो पाहिले ते जवळजवळ सगळे तिथल्याच माणसांनी काढलेले. बाहेरचा फोटोग्राफर काम संपवून विमानात बसतो. हे लोक काम संपवून त्याच ढिगाऱ्यात घरी जातात. त्यांच्यातले १५० च्या वर पत्रकार आजवर मारले गेलेत.

मी फातिमाचे फोटो दोन रात्री बघत बसलो होतो. तिच्याकडे रक्त कमी आहे. ढिगारा असतो, पण त्यात कुणीतरी काहीतरी करत असतं. पोरं खेळतायत, कुणी चालतंय, कुणी बसलंय. प्रकाश तिला कळतो, दुपारचा भगभगीत उजेड ती टाळते असं वाटलं. मोडलेली भिंत कुणीही टिपेल, तिथे ढीगच पडलेत भिंतींचे. पण त्या भिंतीसमोरचं माणूस 'बिचारं' न दिसता माणूस दिसणं, हे कसब आहे. समोरच्याला तुमच्यावर विश्वास असावा लागतो. बाहेरून येणाऱ्याला तो मिळायला वेळ लागतो, ही तर गल्लीतलीच पोरगी.

आणि चार्जिंग! वीज नाही, नेट धड नाही, तिथे फोटो काढून, निवडून, चढवणं म्हणजे काय दिव्य असेल. आमच्याकडे मांडवात जनरेटर पाच मिनिटं बंद पडला तर हातपाय गळतात.

हर्णैकर | २१ एप्रिल

जायच्या चार दिवस आधी तिने मच्छीमारांचे फोटो टाकले होते, ते मी शोधून पाहिले. आमचं घर बंदरातलं, त्यामुळे तिथेच थांबलो.

गाझाची पट्टी ४१ किलोमीटर लांब, एक बाजू सगळी समुद्र. इस्रायल आणि पॅलेस्टिनींमधल्या ओस्लो कराराने मच्छीमारांना २० सागरी मैल, म्हणजे साधारण ३७ किलोमीटर आत जायची मुभा दिली होती. प्रत्यक्षात ती कधीच पूर्ण मिळाली नाही. कधी सहा मैल, कधी तीन, कधी काही भागात पंधरा, आणि मनात येईल तेव्हा बंद. आमच्याकडे पावसाळ्यात दोन महिने बंदी असते तरी घराघरात ओढाताण होते. तिथे युद्धानंतर बंदरच उद्ध्वस्त झालं. जे जातात ते काठाकाठाने, छोट्या होडक्यांतून, आणि त्यांच्यावरही गोळ्या झाडल्या जातात. मासळी म्हणजे तिथे आता हौस राहिली नाही. २ मार्चपासून मदतीचे ट्रक बंद, १८ मार्चला युद्धविराम मोडला, मग पोटात काय घालायचं?

म्हणून ते फोटो मला 'समुद्रकिनारा, शांत संध्याकाळ' असे नाही दिसले. ती माणसं जीव धोक्यात घालून जाळं टाकतायत आणि ती ते टिपतेय.

मनीमाऊ | २१ एप्रिल

हर्णैकर दादा, हे माहीत नव्हतं. धन्यवाद. मी ते फोटो सुंदर म्हणून सेव्ह केले होते.

नवगावकर_अश्दोद | २२ एप्रिल

मी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू. आमचं मूळ अलिबागजवळचं नवगाव, मी स्वतः १९७१ साली मुंबई सोडून इकडे इस्रायलला आलो. घरात अजून मराठी चालते, मलिद्याला पोहे भिजतात. इथे वाचत असतो, लिहीत क्वचितच.

धागा वाचून आधी राग आला, खरं सांगतो. अश्दोदला सायरन वाजला की ४५ सेकंद मिळतात. पत्नीचे गुडघे गेलेत, तिला घेऊन सुरक्षित खोलीत पोचेपर्यंत ती संपतात. नातू राखीव सैन्यात आहे, दोनदा गाझात जाऊन आला. त्यामुळे माझ्याकडून तुम्हाला हवी तशी वाक्यं येणार नाहीत. ७ ऑक्टोबरला काय झालं ते आम्ही टीव्हीवर नव्हे, फोनवर ऐकलं.

पण एक सांगतो. आमच्या इथे ओलिसांचे फोटो भिंतींवर, बसथांब्यांवर, दुकानांच्या काचांवर लावलेले आहेत. नाव, वय, हसरा चेहरा. आज ५९ जण अजून आत आहेत, त्यांतले किती जिवंत देव जाणे. दीड वर्ष रोज ते चेहरे बघतोय. माणसाचं नाव घेत राहायचं, त्याचा आकडा होऊ द्यायचा नाही, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. म्हणूनच गारवाबाईंचं म्हणणं मला झटकून टाकता आलं नाही. मी जी वाहिनी पाहतो तिच्यावर या मुलीचं नाव मला दिसलं नाही. इथे, मराठीत कळलं.

आणि आम्हाला ४५ सेकंद तरी मिळतात. गाझात सायरन नाही, सुरक्षित खोली नाही. हे नातवानेच सांगितलं, मी विचारलं नव्हतं.

गारवा | २२ एप्रिल

नवगावकर काका, लिहिलंत हे फार बरं केलंत. काकूंना नमस्कार सांगा. तुमच्याशी माझे मतभेद असतील, बहुतेक बरेच असतील, पण ते तुमच्याशी बोलून असावेत एवढंच वाटतं.

चार्वाक_२ | २२ एप्रिल

काका, +१. ओलिसांच्या फोटोंचा मुद्दा मी मांडायला हवा होता, तुम्ही जास्त चांगला मांडलात.

मनीमाऊ | १४ मे २०२५

धागा वर काढतेय. काल कान महोत्सवाच्या उद्घाटनाला ज्युरींच्या अध्यक्ष ज्युलिएट बिनोश यांनी मंचावरून फातिमाचं नाव घेतलं. चित्रपटक्षेत्रातल्या साडेतीनशेहून अधिक लोकांनी पत्रही काढलंय, गाझाबद्दल आपलं क्षेत्र गप्प का म्हणून. उद्या माहितीपट दाखवणार आहेत.

टाळ्या ऐकून मला बरं वाटलं आणि चीडही आली. जिवंतपणी व्हिसा मिळाला असता की नाही कुणास ठाऊक, मेल्यावर उभं राहून मानवंदना.

रावपाटील | १४ मे

काल १३ मे. बरोबर एक वर्षापूर्वी, १३ मे २०२४ ला, आपले कर्नल वैभव काळे गाझातल्या रफाहमध्ये मारले गेले. मूळचे नागपूरचे, कुटुंब पुण्यात. लष्करातून लवकर निवृत्ती घेऊन संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा विभागात गेले होते. वय ४६. संयुक्त राष्ट्रांची खूण असलेल्या गाडीतून युरोपियन रुग्णालयाकडे निघाले होते, गाडीवर मारा झाला. तो रणगाड्याचा असावा असं संयुक्त राष्ट्रांनीच सांगितलं. हवाई हल्ला नव्हे, त्यामुळे विषयांतर वाटेल. पण 'आपला काय संबंध' असं विचारणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो. पुण्यात अंत्यसंस्कार झाले, दोन दिवस बातमी होती, नंतर सगळे विसरले. मीही रोज आठवत होतो असं नाही.

शब्दवेडी | १५ मे

फातिमाबरोबर मला हेबा अबू नदा आठवते. कवयित्री, ३२ वर्षांची. २० ऑक्टोबर २०२३ ला खान युनिसमध्ये हवाई हल्ल्यात गेली, युद्ध सुरू होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. शिक्षण जैवरसायनशास्त्राचं, पुढे आहारशास्त्राचं, आणि कादंबरीला २०१७ साली शारजाचा पुरस्कार. १० ऑक्टोबरला तिने जी कविता लिहिली तिचं इंग्रजी भाषांतर मी वाचलंय. ती त्यात सगळ्यांना आसरा देत सुटते, लेकरांना, गल्लीला, अगदी वरून येणाऱ्या क्षेपणास्त्रालाही थोपवायला बघते. दहा दिवसांत लिहिणारीलाच आसरा उरला नाही.

तिच्या कुटुंबाचं गाव बेत जिर्जा. १९४८ च्या युद्धात ते रिकामं झालं. गाझातले सुमारे सत्तर टक्के लोक असेच निर्वासितांचे वंशज. हेबाच्या लिखाणात घर वारंवार येतं ते उगाच नाही.

अवांतर: तिच्याही बाबतीत तेच झालंय. शेवटची पोस्ट सगळ्यांना पाठ, कादंबरी कुणी वाचलेली नाही. मीही नाही, कारण ती अरबीत आहे. कुणी अरबी जाणणारं इथे असेल तर दोन पानं तरी मराठीत आणा.

अण्णा_खानापूर | २६ जुलै २०२५

काल मुंबई उच्च न्यायालयाने माकपची याचिका फेटाळली. आझाद मैदानात गाझासाठी निदर्शनं करायला पोलिसांनी परवानगी नाकारली होती, त्याविरुद्ध ते गेले होते. न्यायालय म्हणालं, आपल्या देशात प्रश्न कमी आहेत का, त्यावर बोला. मला पटलं. कचरा, पूर, गटारं.

वकिली_डोकं | २६ जुलै

अण्णा, गटारांवर मोर्चा काढला की 'यामागे कोण' विचारणारे तुम्हीच. गमतीचं सोडा. भारताने १९८८ साली पॅलेस्टाइनला मान्यता दिली, १९९२ ला इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले. दोन्ही गोष्टी आपल्या सरकारांनी परराष्ट्रधोरण म्हणून केल्या. मग नागरिकाने त्यावर बोललं तर ते परकं कसं? आणि कचऱ्याचा धागा वेगळा आहे, तिथे तुमचा एकही प्रतिसाद नाही, आत्ताच बघून आलो.

अण्णा_खानापूर | २६ जुलै

😄 बरं. पण मत तेच.

लियाँवासी | २ ऑक्टोबर २०२५

फ्रान्समध्ये माहितीपट गेल्या आठवड्यात लागला, पाहून आलो. गारवाताईंसाठी लिहितो.

जवळजवळ सगळा सिनेमा एका फोनच्या पडद्यावर आहे. फार्सी एका फोनवर बोलतात आणि दुसऱ्या फोनने ते टिपतात. लाइन तुटते, चित्र गोठतं, चेहऱ्याचे चौकोन होतात, पुन्हा फोन लावायचा. पहिली दहा मिनिटं वैताग आला, मग लक्षात आलं की हेच बघायचंय. आपण तिच्याजवळ पोचू शकत नाही, दिग्दर्शिकाही नाही. वर घरघर चालू असते, ती सांगते कशाची आहे ते, आणि हसते. फार हसते. ते हसू सिनेमाभर आहे आणि सोसवत नाही, कारण हॉलमधल्या प्रत्येकाला शेवट माहीत असतो. बाहेर पडायचं म्हणजे जीव तळहातावर घेऊन चालायचं, असं ती एकदा म्हणते. सिनेमाचं नावही तेच.

महिन्यांगणिक तिचा थकवा दिसत जातो. खाण्याबद्दल बोलताना तर फारच. मला वाटतं फार्सी एक-दोन ठिकाणी तिला नको ते प्रश्न विचारतात, धर्माबद्दल, हमासबद्दल, आणि तिथे दोघींमधलं अंतर उघडं पडतं. ते त्यांनी कापलं नाही, हे प्रामाणिक वाटलं.

पण तुमच्या मुद्द्याचं हे: मधेमधे बोलणं थांबतं आणि तिचे फोटो पडदाभर येतात. तुटक, धुरकट कॉलनंतर एकदम स्वच्छ, ठाशीव चित्र. तोपर्यंत जी आपल्याला 'युद्धात अडकलेली मुलगी' वाटत असते ती अचानक 'हे बघणारी, निवडणारी' अशी दिसायला लागते. कॅमेरावाले म्हणाले ते खरं आहे, प्रकाश तिला कळत होता.

कॅमेरावाला | २ ऑक्टोबर

वाचून बरं वाटलं राव. इकडे कुठे लागला तर कळवा कुणीतरी, पुण्याहून मुंबईला यायचीही तयारी आहे.

नवगावकर_अश्दोद | १४ ऑक्टोबर २०२५

काल जिवंत असलेले सगळे २० ओलीस परत आले. रस्त्यावर लोक रडत होते, आम्हीही. आता तरी थांबावं. तिकडे किती लोक आपल्या पडलेल्या घरांकडे परत चाललेत ते पाहिलं. तुफ्फाहचं नाव ऐकलं की आता मला धागा आठवतो.

चार्वाक_२ | १५ ऑक्टोबर

काका, मनापासून आनंद झाला.

कॅमेरावाले, तिचे फोटो नेमके कुठे बघायचे? मी शोधलं तर श्रद्धांजल्यांचीच गर्दी येते.

कॅमेरावाला | १५ ऑक्टोबर

तिच्या स्वतःच्या इन्स्टाग्राम खात्यावर जा. दुसऱ्यांनी टाकलेले बघू नका, कापलेले असतात, वर संगीत घातलेलं असतं. मच्छीमारांपासून सुरू करा आणि मागे मागे जात राहा. घाई करू नका, एका बैठकीत होणार नाही.

चार्वाक_२ | १५ ऑक्टोबर

बघतो. पण गारवाताई, नोव्हाच्या धाग्यावर येईन म्हणाला होतात, ते लक्षात आहे ना?

गारवा | १५ ऑक्टोबर

एप्रिलपासून वाट बघतेय, तुम्हीच काढलेला नाही. काढा, पहिला प्रतिसाद माझा.